उताऱ्यावर न चढलेला बोजा

जमिनीचा सर्च घ्यायला कुणी आलं की मी आधी मालकाचं नाव विचारत नाही, गट नंबर विचारते. नावाचा भरवसा नसतो. एकच माणूस एका फेरफारात दगडू असतो, दुसऱ्यात दगू आणि खरेदीखतात दगडूजी. मरून वीस वर्षं झालेली माणसं उताऱ्यावर ठणठणीत असतात. गट नंबर मात्र सहसा जागचा हलत नाही. (एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले, तो घोळ वेगळा. त्यावर लिहायचं तर दुसरा लेख होईल.) नाशिकच्या जुन्या सीबीएस बसस्टँडसमोर कोर्टाच्या आवारात आमचं टेबल आहे. माझं काम एवढंच, की नाशिक तालुक्यातल्या, कधी दिंडोरी-निफाडकडच्या एखाद्या तुकड्याची तीस वर्षांची मालकी कागदांतून मागे मागे जात बघायची आणि शेवटी लिहून द्यायचं : घ्या बिनधास्त, नाहीतर यात पडू नका.

हे काम करणाऱ्याला एक खोड लागते. कुठलीही वस्तू दिसली की तिचा आधीचा मालक कोण, हा प्रश्न डोक्यात येतो. माझ्या भाच्याला ही खोड ठाऊक आहे. तो मालवाहू जहाजावर इंजिनिअर आहे. सुट्टीवर आला की नाशिकरोडला आईकडे मुक्काम आणि एखाद्या संध्याकाळी माझ्याकडे जेवायला. मागच्या खेपेला भाकरी मोडता मोडता म्हणाला, "मावशी, जहाजालापण सातबारा असतो, ठाऊक आहे तुला?"

मला वाटलं चेष्टा करतोय. पण खरंच असतो. प्रत्येक मोठ्या जहाजाला सात आकड्यांचा एक नंबर मिळतो, त्याला आयएमओ नंबर म्हणतात. १९८७ साली ही पद्धत ठरली आणि १९९६ पासून ती सक्तीची झाली. नंबर जहाजाच्या सांगाड्याला मिळतो, मालकाला नाही. मालक बदला, नाव बदला, झेंडा (म्हणजे नोंदणीचा देश) बदला, नंबर तोच. शिवाय २००४ पासून जहाजावर एक इतिहासपत्र ठेवावं लागतं : नाव काय, झेंडा कुठला, मालक कोण, कुठल्या तारखेपासून. बदल झाला की नवं पान वर लागतं, पण जुनं काढून टाकायचं नाही. म्हणजे आमच्या फेरफार रजिस्टरचंच भावंड.

त्याने फोनवर एक फोटो दाखवला, तो माझ्या डोळ्यांपुढून अजून जात नाही. जहाजाच्या पुढच्या अंगाचा, अगदी जवळून काढलेला. निळ्या रंगावर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत नाव. पण ऊन तिरपं पडलं होतं, त्यामुळे त्या नावाच्या खालून दुसरीच अक्षरं उठून दिसत होती. नाव नुसतं रंगवत नाहीत, आधी वेल्डिंगची रेघ मारून अक्षराची कड उठवतात आणि मग आत रंग भरतात. जहाज विकलं गेलं की नवा मालक जुनी कड घासून काढतो, पण घाई असली, पैसे वाचवायचे असले की अर्धीमुर्धीच घासली जाते, वरून रंग फासला जातो. पावसाळी दिवसात काही दिसत नाही. ऊन तिरपं झालं की जुना मालक वर येतो.

आमच्या उताऱ्यावर हेच काम कंस करतो. जमीन विकली गेली की आधीच्या मालकाचं नाव खोडत नाहीत, त्याला कंस करतात, बाजूला फेरफाराचा नंबर वर्तुळात टाकतात आणि खाली नवं नाव चढतं. हाताने लिहिलेल्या जुन्या उताऱ्यांवर तर कंसांची रांगच लागलेली असते. एखादा कंस जाड बोरूचा, एखादा बॉलपेनचा घाईतला, एखादा इतका फिक्का की तो कंस आहे की कागदाची सुरकुती यावर दोन वकील भांडू शकतात.

"मग मला असं एखादं जहाज सांग," मी म्हटलं, "ज्याच्यावर कंसच कंस आहेत."

त्याने व्हॉट्सॅपवर एक नंबर टाकला. ५३८३३०४. आणि खाली : "अकरा नावं. बस वाचत."

पहिलं नाव स्टॉकहोम. दुसरं महायुद्ध चालू असतानाच, १९४४ साली, स्वीडिश अमेरिकन लाइन या कंपनीने गोथेनबर्गच्या गोदीत हे जहाज बांधायला सांगितलं. १९४६ च्या सप्टेंबरात ते पाण्यात उतरलं आणि १९४८ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या पहिल्या फेरीला निघालं. लांबी १६० मीटर, टनमाप बारा हजारांच्या आसपास. त्या काळात अटलांटिकवर क्वीन मेरीसारखी ऐंशी हजार टनांची धेंडं फिरत होती, त्यांच्यापुढे हे कच्चंबच्चं. सुरुवातीला प्रवासी घ्यायचं ३९५, पुढे जागा वाढवून साडेपाचशेच्या घरात. युद्धातून जग उठतंय, मोठ्या जहाजाला गिऱ्हाईक मिळेल न मिळेल, असा सावध हिशेब त्यामागे असावा. पण एका गोष्टीत स्वीडिश लोकांनी हात आखडला नव्हता. उत्तरेकडच्या समुद्रातलं बर्फ लक्षात घेऊन जहाजाची नाळ, म्हणजे पाणी कापणारं पुढचं तोंड, जास्तीचं मजबूत केलं होतं. ही गोष्ट लक्षात ठेवा.

२५ जुलै १९५६. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नँटकेट नावाचं बेट आहे, त्याच्या दक्षिणेला समुद्रात दाट धुकं. स्टॉकहोम दुपारी न्यूयॉर्कहून घरी निघालेलं. समोरून इटलीचं आंद्रेआ दोरिया येत होतं. जेनोआच्या कंपनीचं, २९ हजार टनांचं, जेमतेम तीन वर्षं जुनं, चित्रं-शिल्पं लावून सजवलेलं, युद्धात खचलेल्या इटलीचा मानबिंदू. ते दुसऱ्या दिवशी सकाळी न्यूयॉर्कला पोहोचणार होतं. दोन्ही जहाजांवर रडार होतं, दोघांनीही एकमेकांना पडद्यावर पाहिलं होतं. इटालियनांनी धरून चालवलं की आपण एकमेकांच्या उजव्या अंगाने जाऊ. स्टॉकहोमच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या जागी, त्या वेळी एक तरुण थर्ड ऑफिसर होता, त्याने धरलं की डाव्या अंगाने. धुक्यातून दिवे दिसले तेव्हा एकाने जहाज डावीकडे घेतलं आणि दुसऱ्याने उजवीकडे. आपल्याकडे अरुंद गल्लीत समोरासमोर आलेली दोन माणसं एकाच बाजूला सरकतात आणि हसतात. इथे हसायला उसंत नव्हती. रात्री अकरा वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला स्टॉकहोमची बर्फासाठी मजबूत केलेली नाळ दोरियाच्या उजव्या कुशीत घुसली.

दोरियावर १,७०६ माणसं होती. जहाज लगेच इतकं कलंडलं की वरच्या बाजूच्या लाइफबोटी खाली सोडताच येईनात, म्हणजे निम्म्या बोटी असून नसल्यासारख्या. तरी ते अकरा तास तगलं. मागे फिरून आलेल्या इल द फ्रान्स या फ्रेंच जहाजाने साडेसातशे माणसं उचलली आणि खुद्द स्टॉकहोमने, तोंड फुटलेलं असताना, पाचशेवर. दोरियावरची ४६ माणसं गेली, स्टॉकहोमवरचे ५ खलाशी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला दोरिया बुडालं.

या सगळ्यात एक गोष्ट अशी आहे की मी ती दोनदा वाचली. दोरियाच्या एका केबिनमध्ये चौदा वर्षांची मुलगी झोपली होती. नाळ आत घुसली आणि तिला गादीसकट उचलून बाहेर आली. मुलगी जागी झाली ती स्टॉकहोमच्या मोडक्या टोकावर, लोखंडाच्या चेंदामेंद्यात, हात मोडलेला. ती स्पॅनिशमध्ये हाका मारायला लागली. लहानपण स्पॅनिश बोलणाऱ्यांत गेलेलं. स्वीडिश जहाजावर स्पॅनिश कुणाला येणार? पण एक खलाशी स्पॅनिश निघाला आणि त्याने तिला ओढून बाहेर काढलं. तिची सावत्र बहीण त्याच केबिनमध्ये झोपलेली, ती गेली. मुलीचे वडील अमेरिकेत रेडिओवर बातम्या द्यायचे. मुलगी गेली असं समजूनच त्यांनी त्या दिवशी या अपघाताची बातमी दिली. आपलं पोर त्या बोटीवर होतं हे ऐकणाऱ्यांना कळूही दिलं नाही.

आता माझ्यातली वकीलबाई विचारते, चूक कुणाची? न्यूयॉर्कला सुनावणी सुरू झाली, अधिकाऱ्यांच्या साक्षी झाल्या, उलटतपासण्या रंगल्या. आणि १९५७ च्या जानेवारीत दोन्ही कंपन्यांनी बाहेरच्या बाहेर मिटवून टाकलं. आपल्याकडे तडजोडीची पुरसीस दाखल होते आणि दावा निकाली निघतो, तसंच. त्यामुळे दोष अमक्याचा, असा निकाल कुठल्याही कोर्टाच्या कागदावर कधी आलाच नाही. जहाजांवर लिहिणारे लोक आजही दोन तट करून भांडतात. ब्रुकलिनच्या गोदीत तीन महिन्यांत स्टॉकहोमला नवी नाळ बसली आणि वर्ष संपायच्या आत ते पुन्हा धावायला लागलं. म्हणजे पुढची जवळजवळ सत्तर वर्षं त्या स्वीडिश अंगाला अमेरिकन तोंड होतं.

इथे पहिला कंस. १९५८ पासून जेट विमानं अटलांटिक ओलांडायला लागली होती, आणि लहान, जुनं, वर बदनाम झालेलं जहाज ठेवण्यात कंपनीला रस नव्हता. १९६० च्या सुरुवातीला ते पूर्व जर्मनीच्या सरकारने घेतलं. नवं नाव फ्योल्करफ्रॉइंडशाफ्ट, म्हणजे राष्ट्राराष्ट्रांची मैत्री. भांडवलदारी अटलांटिकवरचं जहाज आता कामगार संघटनेच्या ताब्यात आलं. कारखान्यात चांगलं काम केलेल्या कामगारांना त्यावरून सहलीला नेत. बाल्टिक समुद्र, काळा समुद्र, भूमध्य, थेट क्युबापर्यंत. १९६२ च्या ऑक्टोबरात क्युबावरून अमेरिका आणि रशिया हातघाईवर आले आणि केनेडींनी समुद्रात नाकेबंदी लावली, तेव्हा हेच जहाज त्या रेषेकडे चाललं होतं. अडवायचं का, यावर वॉशिंग्टनमध्ये खल झाला. प्रवासी भरलेलं जहाज आहे, गोळीबार झाला तर भलतंच होईल, म्हणून जाऊ दिलं. सहा वर्षांपूर्वी धुक्यात घुसलेलं ते, या वेळी उजेडात, सगळ्या जगाच्या डोळ्यांसमोरून पार झालं.

पण मैत्रीच्या या जहाजावरून काही कामगारांनी संधी साधून समुद्रात उड्या टाकल्या. बाल्टिकमध्ये पश्चिमेचा किनारा जवळ आला, तुर्कस्तानच्या बॉस्फरस सामुद्रधुनीत दोन्ही बाजूंना काठ दिसायला लागला, की कुणीतरी कठड्यावरून पाण्यात. जीव धोक्यात घालून, मागे उरलेल्या घरादाराचं काय होईल हे माहीत असून. आणि त्याच जहाजावर पुढे एका स्वीडिश कंपनीमार्फत पश्चिमेचे प्रवासीही सहलीला यायचे, कारण पूर्व जर्मनीला पक्कं परकीय चलन हवं होतं. सरकारं असोत की सावकार, घर चालवायला पैसा लागतो तो लागतोच.

पंचवीस वर्षांनी, १९८५ साली, पूर्व जर्मनीनेही ते विकलं. लांबलचक नाव छाटून फक्त फोल्कर ठेवलं आणि काही काळ नुसतं बांधून ठेवलं. मग ते ओस्लोला गेलं आणि नाव पडलं फ्रिट्योफ नान्सेन. हे नाव कुणी ठेवलं कोण जाणे, पण ठेवणाऱ्याने विचार केला असणार. नान्सेन ध्रुवावर जाणारा संशोधक, आणि पहिल्या महायुद्धानंतर देश हरवलेल्या लाखो लोकांना त्याच्या नावाच्या पासपोर्टवर सीमा ओलांडता आल्या; १९२२ चं शांततेचं नोबेल त्याला मिळालं. ओस्लोच्या धक्क्याला बांधलेल्या या जहाजात आश्रय मागायला आलेल्या परदेशी लोकांना ठेवलं होतं. जिथून लोक पाण्यात उड्या टाकून पळत होते, तिथेच आता पळून आलेली माणसं निवाऱ्याला होती. फेरफारात असं काही लिहिलेलं नसतं. तिथे फक्त, तारीख अमुक, मालक बदल.

१९८९ ला ते इटालियन मालकाने घेतलं आणि ओढत जेनोआला नेलं. जेनोआ! आंद्रेआ दोरियाचं घर. तिथली वर्तमानपत्रं विसरली नव्हती, त्यांनी 'मृत्यूचं जहाज' आलं म्हणून लिहिलं. त्याच शहरात त्या जहाजाला नवा जन्म देण्यात आला. वरची सगळी बांधणी उतरवली, फक्त सांगाडा ठेवला, नवी इंजिनं बसवली, नवे मजले चढवले, मागच्या टोकाला तोल राखण्यासाठी एक बेढब थर जोडला. टनमाप बारा हजारांवरून सोळा हजारांवर गेलं. १९९४ साली जहाज बाहेर आलं तेव्हा त्याला पाहून स्टॉकहोम ओळखू येणं कठीण होतं. ज्याने जुने फोटो पाहिलेत त्यालाच नाळेचा तिरपेपणा पाहून शंका यावी, एवढंच. नाव आधी थोडे दिवस इटालिया आय, मग इटालिया प्रिमा.

इथून पुढची नावं भराभर सांगते, कारण मालकांनीही ती भराभरच बदलली. वाल्टूर प्रिमा, क्युबाच्या सहलींसाठी. ११ सप्टेंबर २००१ नंतर प्रवासी आटले, तेव्हा हवानात बांधून ठेवलं. मग कारिबे. २००५ पासून पोर्तुगालच्या एका कंपनीकडे आथेना. त्या नावाने २००८ च्या डिसेंबरात एडनच्या आखातात चाच्यांच्या होड्यांनी घेरलं होतं; चढू कुणी शकलं नाही. मग २०१३ ला आझोरेस. २०१६ ला आस्टोरिया. अकरावं आणि शेवटचं.

मध्येच एक प्रश्न मला सारखा टोचत होता. इतकं जुनं जहाज इतकी वर्षं चाललं कसं? माझा भाचा म्हणतो, दोन कारणं. एक, आकार. मोठ्या क्रूझ जहाजांना मोठं बंदर लागतं. हे आइसलंडच्या, नॉर्वेच्या चिंचोळ्या खाड्यांतून आत जायचं, लहान गावांना लागायचं, आणि तशी सहल आवडणारे म्हातारे प्रवासी त्यासाठी पैसे मोजायचे. दुसरं, १९९४ चा तो नवा जन्म. २०१० च्या ऑक्टोबरात जहाजांच्या आग-सुरक्षेचे आंतरराष्ट्रीय नियम कडक झाले. लाकडी तावदानं, जळणारं सामान असलेल्या कित्येक जुन्या देखण्या जहाजांना तेव्हा थेट भंगाराचा रस्ता दाखवला गेला. याचं आतलं सगळं नवं असल्याने हे वाचलं. मला यात तिसरं कारणही दिसतं, ते कुठे लिहिलेलं नाही : प्रत्येक मालकाने ते स्वस्तात घेतलं. ज्या जमिनीवर वाद असतो ती स्वस्त मिळते, आणि स्वस्त मिळते म्हणून तिला गिऱ्हाईक कधी तुटत नाही.

आता बोजा. उताऱ्यावर 'इतर हक्क' म्हणून एक रकाना असतो. कुळाची नोंद, बँकेचं कर्ज, विहिरीत भावाचा हिस्सा, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळं तिथे. नवखा माणूस मालकाचं नाव बघून खूश होतो, आम्ही आधी हा रकाना बघतो. समुद्रातही बोजा असतो आणि तो आपल्यापेक्षा कडक. जहाजावरच्या माणसांचा पगार थकला, बंदराचं भाडं थकलं, कुणी बुडत्या जहाजाला वाचवलं आणि त्याचा मोबदला राहिला, तर तो दावा मालकावर नुसता नसतो, जहाजावरच बसतो. जहाज विकलं तरी दावा नव्या मालकाबरोबर जातो. म्हणून दावा करणारे जहाजालाच अटक करवतात. मुंबईत हे काम उच्च न्यायालयाचं. हुकूम निघाला की शेरीफच्या कार्यालयाचा माणूस जहाजावर जाऊन वॉरंट डकवतो. आपल्याकडे २०१७ च्या कायद्यात या दाव्यांचा क्रम लावून दिलाय, आणि त्यात पहिला मान खलाशांच्या पगाराला. बँक मागे. कोर्टाने लिलाव केला की जहाज निर्धोक होतं, आणि दावेदारांनी आलेल्या पैशांत आपापला वाटा शोधायचा. ज्याने कुणी हा क्रम ठरवला असेल त्याने कधीतरी बंदरावर महिनोन्‌महिने अडकलेल्या माणसाचा चेहरा पाहिला असणार.

आथेना नावाने हे जहाज २०१२ साली फ्रान्समध्ये मार्सेच्या बंदरात असंच देण्यांपोटी अडकलं आणि त्या वर्षाच्या शेवटी कंपनीच बुडाली. पण मला जास्त जवळची वाटली ती २०२० ची गोष्ट. आस्टोरिया तेव्हा एका ब्रिटिश कंपनीच्या ताफ्यात भाड्याने होतं. करोना आला, सहली थांबल्या, जहाजं लंडनजवळच्या टिलबरी बंदरात उभी राहिली. प्रवासी घरी गेले, कर्मचारी राहिले. त्या ताफ्यात शेकडो भारतीय होते. करार संपलेले, पगाराची अनिश्चितता, भारतात यायला विमान नाही. जूनमध्ये त्यांनी निषेध सुरू केला, तेव्हा ब्रिटनच्या सागरी यंत्रणेने तपासणी करून जहाजं अडकवून ठेवली. जुलैत कंपनी दिवाळखोरीत. स्टॉकहोमच्या पहिल्या फेरीपासून बहात्तर वर्षांनी, त्याच सांगाड्याच्या पोटात, आपल्याकडची पोरं घरी कधी जाणार म्हणून वाट बघत होती.

आपल्या जवळचं उदाहरण द्यायचं तर कर्णिकाचं. २०१९ ला मुंबईहून गोव्याला जाणारं ते क्रूझ जहाज. आमच्या सोसायटीतली दोन कुटुंबं त्यावर जाऊन आली आणि महिनाभर त्या बुफेचे फोटो आम्ही सोसले. त्यांना कुणाला ठाऊक नव्हतं की हे १९९० चं क्राउन प्रिन्सेस, रेन्झो पियानो या इटालियन वास्तुकाराने डॉल्फिनच्या डोक्यासारखं घडवलेलं, आणि मधल्या काळात त्याने आणखी चार नावं वापरून टाकलेली. २०२० ला कंपनी बसली आणि त्याच वर्षाच्या शेवटी कर्णिका गुजरातेत, जहाजं तोडतात त्या अलंगच्या किनाऱ्यावर.

या सगळ्या कागदांत मी एक नोंद शोधत होते. ती मिळणार नाही हे माहीत असूनही. २५ जुलै १९५६ ची.

सांगते का ते. मखमलाबादकडची एक जमीन होती. सर्च स्वच्छ, कुळ नाही, कर्ज नाही, वारस सगळे कागदावर. तीन गिऱ्हाइकं आली, तिन्ही वेळा साठेखतापर्यंत जाऊन मोडलं. शेवटी वाटेकऱ्याच्या बायकोने मला बाजूला घेऊन सांगितलं, "वकीलबाई, त्या विहिरीत आमच्या आधीच्यांची सून गेली. गावात सगळ्यांना माहितीय." हे कुठल्या रकान्यात लिहायचं? मी रिपोर्ट दिला : मालकी निर्वेध. खरं तेच लिहिलं आणि तरी ती जमीन निर्वेध नव्हती. भाव पडत गेला आणि शेवटी बाहेरगावच्या एकाने घेतली, ज्याला विहिरीची गोष्ट सांगायला कुणी गेलं नाही.

स्टॉकहोमवर हा असाच बोजा होता. कोर्टाने दोष दिला नाही, त्यामुळे कागदावर चढला नाही. आणि कागदावर चढला नाही म्हणून कधी उतरलाही नाही. लिलावाने पगाराचे, भाड्याचे दावे मिटतात. हा मिटत नाही. स्वीडिश कंपनीने तो विकून टाकला. पूर्व जर्मनीने त्यावर नव्या जगाचं नाव चढवलं आणि आपल्याच लोकांच्या उड्यांचा आणखी एक बोजा वर घातला. इटालियनांनी वरची बांधणी उतरवून बघितली. आणि शेवटच्या काही मालकांच्या काळात गंमत अशी झाली, की बोजाच गिऱ्हाईक आणायला लागला. 'हेच ते जहाज' म्हणून हौशी लोक मुद्दाम तिकीट काढायचे, नाळेवर हात ठेवून फोटो काढायचे. ब्रुकलिनला बसवलेल्या नव्या नाळेवर! ज्या तोंडाने धडक दिली ते तर १९५६ सालीच भंगारात गेलं होतं. हे त्यांना कुणी सांगितलं असतं तर त्यांचा हिरमोड झाला असता. मालकाने कशाला सांगावं?

२०२० च्या शेवटी आस्टोरिया रॉटरडॅमला आणून बांधलं. विकत घेणारे येत राहिले, बातम्या यायच्या आणि पुढे काही व्हायचं नाही. गिऱ्हाईक तुटत नाही म्हटलं होतं ना मी. ते या टप्प्यावर तुटलं. बंदरात उभं जहाज रोज पैसे खातं, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या सांगाड्यात पुन्हा कोण पैसे घालणार. २०२५ च्या जुलैत ते टग लावून बेल्जियममधल्या गेंटला नेलं. तिथली गोदी युरोपच्या मान्यताप्राप्त यादीतली, म्हणजे तोडकाम किनाऱ्याच्या चिखलात होत नाही. त्याच ब्रिटिश ताफ्यातलं मार्को पोलो, १९६५ चं, एकेकाळी लेनिनग्राडहून माँट्रियलला जाणारं, ते मात्र २०२१ च्या जानेवारीत आपल्याच अलंगला आलं होतं. पूर्व जर्मनीत बांधलेलं ते भारतात तुटलं, आणि स्वीडनचं, पूर्व जर्मनीने चालवलेलं हे बेल्जियममध्ये.

भाच्याला मी फोन करून सांगितलं की वाचून झालं. तो पुढच्या आठवड्यात नव्या जहाजावर चढणार होता. मी त्याच्याकडून त्या जहाजाचा नंबर मागून घेतला आणि बसल्या बसल्या शोधलं. बांधून अठरा वर्षं झालेली, हे तिसरं नाव, झेंडा लायबेरियाचा, नोंदलेला मालक म्हणजे एकच जहाज असलेली एक कंपनी, जिचा पत्ता दुसऱ्याच कंपनीच्या केअर ऑफ. हे त्याला वाचून दाखवलं तर म्हणाला, "सगळी अशीच असतात गं. तू काय माझा सर्च रिपोर्ट काढतेस की काय?"

मी म्हटलं, निदान एवढं पाठ कर. खलाशांसाठीच्या आंतरराष्ट्रीय करारात २०१७ पासून नियम आहे, दोन महिने पगार थकला की मालकाने तुम्हाला वाऱ्यावर सोडलं असं धरता येतं, आणि चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार नि घरी यायचा खर्च देईल असा विमा जहाजावर असावा लागतो. त्या विम्याचं सर्टिफिकेट सगळ्यांना दिसेल असं लावलेलं असतं. चढलास की पहिल्या दिवशी त्याचा फोटो काढून मला पाठव, तारीख संपलेली नाही ना ते मी बघते. तो "बरं" म्हणाला, म्हणजे विसरणार. म्हणून मी त्याच्या आईलाही सांगून ठेवलंय : दुसऱ्या महिन्याचा पगार खात्यात आला नाही की लाजायचं नाही, लगेच मला कळवायचं.